पपईला घातलेला गॉगल

मी त्या वाडीत खेळायला गेले नव्हते. खेळ बंद पाडायला गेले होते.

हे आधीच सांगते, कारण एअरसॉफ्टचं नाव काढलं की लोक विचारतात, हा पैसेवाल्यांचा खेळ तुला कसा परवडतो. खऱ्यासारख्या दिसणाऱ्या खेळण्यातल्या बंदुका, त्यातून उडणारे वाटाण्याएवढे छर्रे, झाडाझुडपांत दोन गट, ज्याला छर्रा लागला तो बाद. ऐकायला पोरखेळ, आणि दुकानात चौकशी केली तर घरातला फ्रिज विकावा लागेल असे भाव. मला तो परवडला, कारण मला तो तीन माणसांनी शिकवला आणि तिघांनीही मला बंदूक विकत घेऊ दिली नाही. हे लिहिणं त्या तिघांसाठी आहे. त्यांना आवडेल की नाही माहीत नाही. त्यांतल्या एकीच्या हातात कायम लाल पेन असतं.

मी नालासोपारा पूर्वेला राहते. आमची बिल्डिंग विकली गेली तेव्हाच्या रंगीत पुस्तिकेत मैदान होतं, घसरगुंडी होती, बाकावर बसून पुस्तक वाचणारी एक बाई होती. त्या बाईच्या जागी आज बी विंग उभी आहे. वडिलांनी ती पुस्तिका घराच्या कागदांसोबत जपून ठेवली होती. कॉलेजात असताना ती माझ्या हाती लागली आणि माझं डोकं फिरलं ते फिरलंच. मी एका समितीत जाऊ लागले. मैदानं वाचवा, बावखलं वाचवा, पाणी द्या. बावखल म्हणजे आमच्याकडच्या वाड्यांमधलं गोड्या पाण्याचं तळं, ज्याच्या जिवावर केळी आणि भाजी पिकते, आणि जे कोणाच्या तरी डोळ्यांदेखत भरणीच्या मातीखाली जातं. समितीतल्या ज्येष्ठ काकांनी मला पत्रक लिहायला शिकवलं. पहिल्या ओळीला माणूस थांबला पाहिजे, हातात दुधाची पिशवी असली तरी, असं ते म्हणायचे. मी त्यात हुशार निघाले. माझ्या पहिल्या ओळीला माणसं थांबायची. पुढचं वाचायची की नाही, हे मी कधी विचारलं नाही.

तर एक दिवस समितीच्या ग्रुपवर निरोप आला: कळंबच्या रस्त्याला, आतल्या एका वाडीत, दर रविवारी काही लोक बंदुका घेऊन येतात आणि बावखलात प्लास्टिकचे छर्रे सांडतात. मी म्हटलं, हे माझं काम. वही घेतली, फोन चार्ज केला, आणि रविवारी सकाळी रिक्षाने तिथे पोचले. रस्त्यात पत्रकाचं शीर्षकसुद्धा तयार झालं होतं.

फाटकाशी एक उंच माणूस उभा होता. अंगात पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट, पायात सेफ्टी बूट. हा पुढे आमचा दादा झाला. वसईत एव्हरशाईनला राहतो, एसी दुरुस्तीची कामं करतो, हा गट त्यानेच जमवलेला. मी तोंड उघडायच्या आत त्याने माझ्यापुढे एक जाडजूड गॉगल धरला.

"मॅडम, आधी चष्मा. भांडण नंतर."

"तुम्हाला कोणी सांगितलं मी भांडायला आलेय?"

"वही आणलीय तुम्ही."

गॉगल घातल्याशिवाय फाटकाच्या आत कोणालाच सोडत नाहीत, पाहुण्याला नाही, भांडणाऱ्याला नाही. मी तो घातला आणि तावातावाने बावखलाकडे गेले. तिथे वाडीची मालकीण बसली होती. शाळेतून निवृत्त झालेल्या मराठीच्या शिक्षिका, गावातल्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबातल्या. घरात त्यांची स्वतःची बोली चालते, पण आमच्याशी बोलताना प्रत्येक शब्द फळ्यावर लिहिल्यासारखा. सगळे त्यांना टीचर म्हणतात. मी माझं म्हणणं मांडलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि घराच्या खिडकीत ठेवलेली लोणच्याची बरणी आणून माझ्या हातात दिली. आत बावखलाचं पाणी आणि तळाशी पाच पांढरे छर्रे.

"पाकिटावर लिहिलं आहे की हे विरघळतात," टीचर म्हणाल्या. "गणपतीत बुडवून ठेवले. आता नाताळ आला. तुला कुठे विरघळलेले दिसतात का?"

"नाही."

"मलाही नाही. म्हणून इकडच्या बाजूला नेम धरायचा नाही आणि शेवटी प्रत्येक जण खाली वाकून वेचतो. न वेचणारा पुढच्या रविवारी येत नाही. तुझ्या वहीत हे लिहायचं असेल तर लिही."

मी पाहिलं. बावखलाच्या बाजूला शेतीची हिरवी जाळी ताणून बांधली होती. तिच्या तळाशी झोळ ठेवला होता, त्यात छर्रे साठलेले. माझं शीर्षक तिथेच मेलं. खरं सांगायचं तर मला रागच आला. पुरावा नाही म्हटल्यावर येतो तसा राग.

निघायचं म्हणून वळले, तेवढ्यात एक प्रकार पाहिला. केळी काढून मोकळ्या पडलेल्या तुकड्यात खेळ चालला होता. एका बांधामागे एक धिप्पाड माणूस पोटावर पडला होता. त्याला कोणी पाहत नव्हतं. समोरून कुठूनतरी एक छर्रा आला, त्याच्या बाहीला लागून टप्पकन खाली पडला. मारणाऱ्यालासुद्धा कळलं नसावं. तो माणूस उठला, एक हात वर केला, "लागला" म्हणाला, आणि तसाच हात वर ठेवून चालत बाहेर आला. माझ्या शेजारी येऊन बसला, बाटलीतून पाणी प्यायला.

मी विचारलं, "कोणी बघितलं नव्हतं की. का उठलात?"

त्याने माझ्याकडे बघितलं, ओठांवर बोट ठेवलं. डाव संपल्यावर मग म्हणाला, "बाद मानूस बोलत नाय, ताई. आनि मारनाऱ्यानं ओरडायचं नाय. ज्याला लागलं त्यानंच हात वर करायचा. न्हायतर खेळ कसला, भांडनंच की."

हा आमचा मामा. कळंबचा. बर्फाचा टेम्पो चालवतो, पहाटे मासळीला बर्फ पोचवतो आणि रविवारी इथे येतो. मी चार वर्षं मोर्चात घालवली होती, सभा ऐकल्या होत्या, नगरसेवकांच्या केबिनबाहेर तास तास बसले होते. स्वतःहून हात वर करून "माझं चुकलं" म्हणत बाहेर पडणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. आमच्या समितीतही नाही. माझ्यातही नाही.

मी दादाला विचारलं, मी खेळू का.

दादाचा नियम होता: आधी डोळे, मग पाय, बंदूक सगळ्यात शेवटी. हायवेजवळच्या एका रिसॉर्टवाल्याकडे याच्या उलटं आहे. तिथे तासाचे पैसे भरा, हातात झकपक बंदूक मिळते, आणि डोळ्यांवर दहा जणांनी घातलेला, ओरखडलेला चष्मा. ऑनलाइन दुकानात 'सुरुवातीचा संच' म्हणून जे खपवतात त्यातही बंदूक आहे, लेझर आहे, खांद्याला पट्टा आहे, चष्मा मात्र नाही. हे लिहितानाही माझं पित्त खवळतं. नवख्या माणसाला काय लागतं ते न विकता त्याला काय भुरळ घालेल ते विकायचं, हा धंदा मी बी विंगच्या जागी पाहिलेला आहे.

पण शहाणपणा मला तरी कुठे होता. दादाने "डोळ्यांचं बघ" म्हटल्यावर मी स्टेशनबाहेरून बाइकवाले घालतात तसला गॉगल उचलला. स्वस्त, दिसायला झकास, वर इंग्रजीत संरक्षणाची ग्वाही. पुढच्या रविवारी मिरवत गेले. मामाने तो हातात घेतला, उलटसुलट केला. वाडीच्या कडेला खाली पडलेली एक पपई उचलली, तिला तो गॉगल नीट घातला, रबर मागे ओढून बसवलं, पपई बांधावर ठेवली. दहा पावलं मागे गेला आणि एकच छर्रा मारला.

आवाज अगदी लहान झाला. काचेला तडा गेला, मधोमध तुकडा उडाला. जिथे डोळा असता तिथे पपईत भोक पडलं होतं आणि त्यातून काळ्या बिया हळूहळू बाहेर येत होत्या.

अर्ध्या तासाने तो गॉगल मी स्वतःच्या तोंडावर घालणार होते.

"ही पपई मी नाय खानार," मामा म्हणाला.

पुढच्या शनिवारी दादा कामातून वेळ काढून मला वसई पूर्वेच्या कारखान्यांच्या भागात घेऊन गेला. तिथे कामगारांची हेल्मेटं, हातमोजे विकणारं दुकान आहे. त्याने कडेने पूर्ण बंद बसणारा, जाड काचेचा चष्मा निवडला. रविवारी दुसरी पपई आली. मामाने दहा पावलांवरून मारलं, पाच पावलांवरून मारलं. काचेवर ओरखडासुद्धा नाही. दातांसाठी दादाने त्याची जुनी जाळीची पट्टी दिली. वसईच्या दमट हवेत चष्मा आतून धुरकटतो, त्यावर मामाचा उपाय: भांडी घासायचा साबण बोटाला लावून काचेला आतून चोळायचा आणि कोरड्या फडक्याने पुसायचा. मी आजही तेच करते. माझे दोन्ही डोळे शाबूत आहेत, त्यातला अर्धा वाटा त्या पपईचा.

बाकी सगळं घरातून निघालं. वडिलांचा पूर्ण बाह्यांचा कामाचा शर्ट. कॉलेजातले कॅनव्हासचे बूट. गुडघ्यांना पट्ट्या हव्या होत्या, त्या मी मोर्चाच्या जुन्या कापडी फलकांच्या घड्या घालून, आत चपलेचा जुना स्पंज टाकून शिवल्या. शिवताना अक्षरांकडे लक्ष दिलं नाही. मैदानात उतरले तर एका गुडघ्यावर 'पाणी' आणि दुसऱ्यावर 'द्या'.

मामा म्हणाला, "ताई, पानी मागताय, का गुडघ्यात पानी झालंय?"

छर्रे ठेवायची झोळीही त्याच कापडाची, तिच्यावर 'निषे' एवढंच आलं होतं. दादाने त्याची जुनी स्प्रिंगवाली पिस्तूल वापरायला दिली. प्रत्येक वेळी वरचा भाग मागे ओढायचा, एकच छर्रा उडतो, मग पुन्हा ओढायचा. टोकाला मीच नेलपेंटने नारिंगी रंग दिला, लांबून खेळणं म्हणून ओळखू यावं म्हणून. रस्त्यात ती बॅगेबाहेर काढायची नाही, हा टीचरचा नियम. ज्यांच्याकडे बॅटरीवर चालणाऱ्या, भरभर उडवणाऱ्या बंदुका होत्या त्यांच्यासमोर मी एकेका छर्र्यावर. चिडले होते. नंतर लक्षात आलं की एकच छर्रा असला की माणूस आधी बघतो, मग मारतो. मला आयुष्यात ही सवय कोणी लावली नव्हती.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी एक गोष्ट घडली, ती सांगितलीच पाहिजे. मी पडक्या पंपघरामागे लपले होते, त्या दिवशी पहिल्यांदाच इतका वेळ टिकले होते. माझ्या झोळीला काहीतरी लागलं. लागलं की फांदी घासली? मी स्वतःला सांगितलं, फांदी. हात वर केला नाही. डाव आम्ही जिंकलो.

नंतर छर्रे वेचताना मामा शेजारी आला. डब्यातली तांदळाची भाकरी मोडून अर्धी मला दिली, वर सुकटीची चटणी. खाता खाता म्हणाला, "छर्रा कापडाला लागला का आवाज वेगळा येतो. तुमच्या त्या निषेधाला तर जास्तच येतो."

एवढंच. कोणाला सांगितलं नाही. पुढच्या रविवारीही भाकरी दिली.

मला त्या वाडीबद्दल इतकं वाटायला लागलं होतं की ते माझ्यापाशी ठेवून चालेना. आमच्या बिल्डिंगमध्ये माझ्या वयाच्या मुली आहेत. नोकरी, घर, मोबाईल. त्यांनी शाळा सुटल्यापासून धावून बघितलेलं नाही. धावणार कुठे? मला वाटलं, यांना इथे आणायला हवं. आणि मला एखादी गोष्ट लोकांपर्यंत न्यायची असेल तर मी काय करते, तर पत्रक लिहिते. दुसरं काही मला सुचतच नाही. कोणाला विचारलं नाही. टीचरना नाही, दादाला नाही. पिवळ्या कागदावर छापलं. वर मोठ्या अक्षरांत: 'बंदूक हाती घ्या, मैदान परत मिळवा.' पुढे बी विंग, बिल्डर, बायकांची कोंडी, सगळं खणखणीत. मग वाडीचा पत्ता आणि रविवारची वेळ. खाली नाव घातलं नाही, कारण हे काही समितीचं पत्रक नव्हतं. बिल्डिंगमध्ये वाटलं आणि उरलेला गठ्ठा कळंबला जाताना एका चहाच्या टपरीवर ठेवला.

बिल्डिंगमधून एकही मुलगी आली नाही. टपरीवरचा कागद मात्र दोन दिवसांत टीचरच्या गावात पोचला, आणि फोटो निघून सगळ्यांच्या मोबाईलवर. गावात चर्चा सुरू झाली: वाडीत हत्यारं चालवायला शिकवतात, बाहेरची माणसं येतात, कोणाविरुद्ध तरी तयारी चालली आहे. हवालदार येऊन गेले. दादाने त्यांना सगळी खेळणी दाखवली, त्यांनी एक उडवूनही बघितली. जाताना म्हणाले, आमचं काही नाही, पण गावाची तक्रार राहिली तर बंद करा. टीचरनी दादाला फोन केला: येत्या रविवारी खेळ नाही. चर्चमधली मिस्सा सुटल्यावर गावातले लोक माझ्या ओट्यावर येणार आहेत, तुम्ही सगळे या, पिशव्या न आणता.

आम्हा आठ-दहा जणांना दुसरी जागा नव्हती. दादाने त्याआधी वर्षभर शोधली होती. फुकट, मोकळी, झाडाची सावली असलेली जागा वसई-विरारमध्ये कोणी अनोळखी माणसाला देत नाही. ती टीचरनी दिली होती, आणि आता त्याच गावात त्यांच्याकडे बोट दाखवलं जात होतं. ते माझ्यामुळे, आणि हे कोणालाच माहीत नव्हतं.

ओट्यावर पाच-सहा जण बसले होते. बोलण्याचं काम बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी घेतलं होतं. त्यांच्या हातात माझा पिवळा कागद.

"टीचर, तुमच्याबद्दल शंका नाही. पण हे कोणी लिहिलं ते कळायला नको? गठ्ठा कळंबच्या रस्त्यावरच्या टपरीवर होता. रोज तिथे टेम्पो कोणाचा थांबतो, सगळ्यांना माहीत आहे."

सगळे मामाकडे बघायला लागले. मामाने डोकं खाजवलं.

"काका, माझ्या टेम्पोवर 'बर्फ' येवढंच लिवलंय. ते पन पेंटरनं. मला येवढं लिवता आलं आसतं तर मी बर्फ विकला आसता का?"

एक-दोघे हसले. काका हसले नाहीत. मामाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि त्याच वेळी मला कळलं की त्याला ठाऊक आहे. माझी भाषा त्याने माझ्या गुडघ्यावर वाचली होती. तो बोलणार नव्हता. मारणाऱ्याने ओरडायचं नाही.

माझ्या डोक्यात भाषण तयार होतं. मैदानं, पुस्तिकेतली बाई, गावाने आमच्याकडे संशयाने बघणं, हे सगळं मी दहा मिनिटं न थांबता बोलू शकले असते, आणि चांगलं बोलले असते. मी हात वर केला.

"मी लिहिलं. यांच्यापैकी कोणाला माहीत नव्हतं."

आणि गप्प बसले. आयुष्यात एवढं कठीण काम मी केलेलं नाही.

काका म्हणाले, "का लिहिलंस?"

मी मान हलवली.

"अगं, काही कारण असेल ना?"

"बाद माणूस बोलत नाही, काका," दादा मागून हळूच म्हणाला. काकांना काही समजलं नाही. टीचरना समजलं. त्यांनी काकांच्या हातातून कागद घेतला नाही. स्वतःच्या पर्समधून त्याचीच दुसरी प्रत काढली. ती लाल पेनाने भरलेली होती.

"शुद्धलेखन बरं आहे," त्या म्हणाल्या. "पण 'खेळ' हा शब्द तेराव्या ओळीत आहे. मी वाचत वाचत तिथपर्यंत पोचले. गाव पोचलं नाही."

मग त्यांनी निकाल दिला. पत्रक नव्याने लिहायचं. 'खेळ' पहिल्या ओळीत. खाली माझं नाव आणि नंबर. वाटायचं नाही, आळीतल्या प्रत्येक घरी जाऊन, दारात उभं राहून, स्वतः वाचून दाखवायचं. एका जरी घराने नको म्हटलं तर वाडी बंद. काकांनी मान डोलावली.

त्या आठवड्यात मी रोज कामावरून सुटून तिथे गेले. मामा सोबत आला. "बर्फाचं गिऱ्हाईक हाय माझं इथं, दार तरी उघडतील," म्हणाला. दार उघडायचे. मी वाचायचे. माझं स्वतःचं लिखाण मी पहिल्यांदाच कोणाच्या तोंडाकडे बघत वाचत होते. दुसऱ्या वाक्याला समोरच्या आजीबाई जांभई द्यायला लागल्या की ते वाक्य मी पुढच्या घराआधी कापायचे. शनिवारपर्यंत चार ओळी उरल्या. लोकांनी प्रश्न विचारले, चहा दिला. एका घरी केळफुलाची भाजी बांधून दिली. लागतं का, असं सगळ्यांनी विचारलं. लागतं, मी सांगायचे, चिमटा काढल्यासारखं. कोणी नको म्हटलं नाही.

शेवटचं घर काकांचं. त्यांनी चारही ओळी ऐकल्या आणि म्हणाले, "ते सगळं ठीक. डोळ्याला लागलं तर?"

मी त्यांच्या अंगणात बघितलं. पपईचं झाड होतं.

"काका, एक पपई मिळेल?"

त्यांनी संशयानेच काढून दिली. मी माझा चष्मा तिला घातला, रबर मागे बसवलं, अंगणाच्या भिंतीलगत ठेवली, काकांना मामाचा चष्मा घालायला लावला आणि दाखवायला आणलेली नारिंगी टोकाची पिस्तूल बॅगेतून काढून त्यांच्या हातात दिली. वरचा भाग मागे ओढून दाखवला आणि मी नि मामा दाराआड झालो. काकांनी पहिला छर्रा भिंतीला मारला. दुसराही. तिसरा काचेवर बसला, टप्पकन. जवळ जाऊन त्यांनी काच बोटाने चाचपली.

"अजून एकदा बघू," म्हणाले.

अजून पाच-सहादा बघितलं. मग पिस्तूल परत देत, एकदम बँकेतला आवाज लावून म्हणाले, "चालेल. पण मिस्सा सुटल्यावर. आणि छर्रे वेचून जा, माझ्या अंगणातलेही." मी आणि मामा गुडघ्यावर बसून वेचले. पपई त्यांनी आम्हालाच दिली, ती मामाने खाल्ली.

माझ्याकडे आजही स्वतःची बंदूक नाही. दादाची जुनीच वापरते, तो परत मागत नाही आणि मी नवीन घेण्याचा विषय काढला की म्हणतो, "घाई काय आहे?" बिल्डिंगमधल्या दोन मुली आता येतात. त्यांना मी पत्रक दिलं नाही, घरी जाऊन सांगितलं. पिवळ्या कागदाची ती लाल प्रत टीचरकडून मागून घेतली आहे. वडिलांच्या कपाटात त्या रंगीत पुस्तिकेशेजारी ठेवलीय. समितीची पत्रकं मी अजून लिहिते. तितकीच चिडून लिहिते, पण छापायच्या आधी कोणाच्या तरी दारात वाचते.

वाडी पुन्हा उघडली त्या रविवारी मी पहिल्या पाच मिनिटांतच बाद झाले. पाठीत लागला, कोणी मारला ते अजून माहीत नाही. हात वर केला, "लागला" म्हटलं आणि फाटकाजवळच्या जांभाच्या झाडाखाली जाऊन बसले. थोड्या वेळाने फाटकाशी काका आले. मिस्सेचे कपडे, हातात घडी केलेली छत्री. आत डोकावून म्हणाले, "येऊ का गं? नुसतं बघायला."

मी बाद होते, बोलता येत नव्हतं. जादा चष्म्यांच्या पेटीतून एक चष्मा काढला, फडक्याने पुसला आणि फाटकावरून त्यांच्यापुढे धरला.